तिची झोप कुणी खाल्ली?

अभ्यासू मुलगा शेंडी खुंटीला बांधून रात्र रात्र वाचत बसायचा, डुलकी लागली की शेंडीला हिसका बसायचा आणि तो पुन्हा पोथीत डोकं घालायचा, अशा गोष्टी आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकल्यात. त्या गोष्टींत मुलगी कधीच नसायची. दिव्यात तेल कोण घालत होतं आणि पहाटे त्याच्यापुढे ऊन दूध कोण ठेवत होतं, हेही कुणी सांगत नसे. पुढे चहा आला, कॉफी आली, पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवून बसणं आलं. आता गोळी आली आहे. आणि या खेपेला मुलगीही गोष्टीत आहे.

ज्या दोन औषधांबद्दल मी लिहिते आहे ती दोन्ही खरी औषधं आहेत, खऱ्या आजारांवरची. पहिलं मिथाइलफेनिडेट. लक्ष एका जागी न ठरणं, अतिचंचलता, हातातलं काम अर्ध्यावर सुटणं असा त्रास ज्या मुलांना आणि मोठ्यांनाही असतो (डॉक्टर त्याला एडीएचडी म्हणतात), त्यांना ते दिलं जातं. परदेशात ते रिटालिन म्हणून गाजलं, आपल्याकडे इन्स्पिरल, ॲडवाइझ अशा नावांनी मिळतं. दुसरं मोडाफिनिल. नार्कोलेप्सी नावाच्या आजारात माणसाला दिवसाढवळ्या, बोलता बोलता, जेवता जेवता अनावर झोप येते. त्यावरचं हे औषध अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालं. आपल्याकडे मोडालर्ट हे त्याचं सगळ्यांत ओळखीचं नाव. दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळता कामा नयेत. मिथाइलफेनिडेट तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतच आहे, त्यामुळे ते ठेवणारी दुकानंही थोडी. मोडाफिनिल त्या कायद्यात नाही, आणि ते मिळवणं फारसं अवघड जात नाही. एका मुलाची चिठ्ठी चौघांत फिरते, मोठ्या वर्गातली मुलं धाकट्यांना नाव सांगतात, ओळखीचा केमिस्ट मान वर न करता पाकीट पुढे सरकवतो. मेडिकल, इंजिनीअरिंग, सीए, स्पर्धा परीक्षा, जिथे अभ्यासाचे ढीग आणि जागा मोजक्या, तिथे ही नावं मुलांना माहीत असतात. आईबापांना नसतात.

या विषयावर वर्तमानपत्रांत अधूनमधून लेख येतात. त्यांत तरुण पिढी, स्पर्धा, मोबाइल, पाश्चात्त्य वारं वगैरे सगळं असतं. घर नसतं. मुलगा आणि मुलगी या दोघांचं जागरण एकच आहे असं धरून ते लेख लिहिलेले असतात. माझं म्हणणं असं की ते एक नाही.

आता आमच्या मीरा-भाईंदरचंच बघा. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाख नऊ हजार. मिठागरं, भातशेती, उत्तनचे कोळीवाडे, आगरी गावं यांच्यामध्ये बघता बघता इमारती उभ्या राहिल्या. गिरगाव-लालबागची खोली विकून आलेली मराठी कुटुंबं, गुजरात-राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून, दक्षिणेतून आलेली माणसं, नयानगरमधली मुस्लिम वस्ती, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यांत राबणारे कामगार. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत: पोरं शिकली पाहिजेत. मुंबईत घर परवडलं नाही म्हणून इथे आलो, आता निदान पुढची पिढी तरी गाडीत लोंबकळणार नाही. फ्लॅटचा हप्ता आणि क्लासची फी हे इथल्या घराचे दोन खांब आहेत. मुलींनाही शिकवतात हो, ते मी नाकारत नाही. आपल्या आया-आज्या ज्यासाठी झगडल्या ते एवढं तरी घडलंय.

फक्त शिकणाऱ्या मुलीचा दिवस कसा असतो, ते जरा नजरेसमोर आणू या. भाईंदर पूर्वेला वन रूम किचन. घरात पाच माणसं. मुलगी बारावी सायन्सला, नीटची तयारी चाललेली. भाऊ दहावीला. आई अंधेरीला नोकरीला, म्हणजे सकाळची गाडी चुकवून चालत नाही. पाणी यायची वेळ आली की उठून ते भरायचं कुणी? जिची झोप सगळ्यांत स्वस्त तिने. पाणी, डबे, आजीचं औषध, मग कॉलेज, मग क्लास. क्लास बोरिवलीला असेल तर येता-जाता लेडीज डब्यात उभ्याने नोट्स वाचायच्या. रात्री नऊला घरी. आई दमलेली, म्हणून भाकरी टाकायला ही. जेवणं झाली की भांडी. भावाची दहावी, म्हणून पंख्याखालचं टेबल त्याचं. टीव्हीसमोर बाबा. अकरा वाजता स्वयंपाकघराचा ओटा पुसून झाला की त्याच खोलीत खाली चटई टाकून तिचा अभ्यास सुरू होतो. तो तीनपर्यंत चालतो. तीन ते साडेपाच झोप.

या मुलीला दीड वाजता डुलकी येते तेव्हा ती आळशी असते का? तिचं मन अभ्यासात लागत नाही, म्हणजे तिला एडीएचडी आहे का? तिला झोप आली आहे, बायांनो. अठरा तास राबलेल्या कुठल्याही शरीराला येते तशी.

हे माझ्या मनाचे खेळ नव्हेत. केंद्र सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली, लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात त्याची. घरातल्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. त्याच्या आधीच्या, २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली हे खरं, पण पुरुषांनीही नऊ मिनिटं कमी केली! म्हणजे बाईचं काम पुरुषाने वाटून घेतलं म्हणून ते हलकं झालं असं काही नाही. मिक्सर आला असेल, गॅस आला असेल. भांड्यांना हात लावणारे हात तेच आहेत.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगला निर्णय आहे, आणि त्याची अंमलबजावणी कॉलेजं कशी करतात यावर आपण डोळा ठेवलाच पाहिजे. पण फी माफ झाली, भांडी माफ झाली नाहीत. २०२४ च्या नीटला चोवीस लाखांच्या वर नावं नोंदली गेली, त्यात तेरा लाखांहून जास्त मुली होत्या, म्हणजे मुलांपेक्षा जास्त. एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर. एवढ्या मुली त्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या, ही गेल्या पन्नास वर्षांतली फार मोठी गोष्ट आहे. मात्र त्यांतली प्रत्येक मुलगी जितके तास अभ्यासाला बसली, त्यांतले काही तास तिने घराकडून मागून घेतलेले नाहीत. घर देतच नाही. तिने ते आपल्या झोपेतून काढलेत. गोळी नेमकी तिथे उपयोगी पडते. घरातलं काहीही न बदलता, कुणाशी भांडण न काढता, भावाला उठून एक ताट धुवायला न सांगता, चार तास मिळतात. म्हणून मला ही गोळी फार सोयीची वाटते. सगळ्यांच्या सोयीची.

हे असं पहिल्यांदा होत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत बेन्झेड्रिन हे ॲम्फेटामिन बाजारात आलं, आणि १९३७ साली मिनेसोटा विद्यापीठात त्याचे प्रयोग चालू असताना विद्यार्थ्यांना शोध लागला की ही गोळी रात्रभर जागं ठेवते. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांना अशाच गोळ्या देऊन जागवलं गेलं. लढाई संपली, कारखाने तसेच राहिले. मग गिऱ्हाईक कोण? बाई. १९५० साली ॲम्फेटामिन आणि झोपेचं औषध एकत्र केलेली डेक्सामिल नावाची गोळी अमेरिकेत निघाली. घरकामाने कंटाळलेल्या, उदास, वजन वाढलेल्या गृहिणीला डॉक्टर ती लिहून देऊ लागले. म्हणजे बाई दिवसभर एकटी घरात राबून खचली, तर तिचं राबणं कमी करायचं नाही, तिचं खचणं दिसेनासं करायचं. ओबेट्रॉल नावाची वजन उतरवण्याची एक गोळी होती, बायकांत फार चालायची. तिचंच मिश्रण पुढे १९९६ साली ॲडरॉल या नावाने लक्ष केंद्रित करण्याचं औषध म्हणून आलं. आज अमेरिकेतल्या कॉलेजांत सगळ्यांत जास्त चोरून खाल्लं जातं ते हेच. (आपल्याकडे ते विकायला नाही. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या मात्र ते अगदी हाताशी असतं.)

आणि रिटालिन हे नाव कुठून आलं ठाऊक आहे? १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या लेआंद्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरिट, घरी रिटा म्हणायचे. तिचा रक्तदाब कमी असायचा. टेनिस खेळण्याआधी ती ही गोळी घ्यायची आणि तिला हुशारी वाटायची, म्हणून औषधाला तिचं नाव दिलं, असं सांगतात. औषधाच्या इतिहासात बाईचं नाव असं आलं, शोध लावणारी म्हणून नाही, बायको म्हणून, आणि जिच्यावर परिणाम पाहिला ती म्हणून.

आता, गोळीने खरोखर अभ्यास होतो का? हा प्रश्न मुली विचारतात आणि त्यांना सरळ उत्तर मिळालं पाहिजे. नुसतं घाबरवून भागत नाही. जाग येते, हे खरं. मेंदूत डोपामिन, नॉरॲड्रेनालिन ही द्रव्यं जास्त वेळ काम करत राहतात, कंटाळा कमी जाणवतो, आपण जोरात चाललोय असं वाटतं. पण वाटणं आणि होणं यात फरक आहे. २०२३ साली मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी चाळीस निरोगी तरुण माणसांवर एक प्रयोग छापला. काम असं होतं की एक पिशवी आहे, तिला वजनाची मर्यादा आहे, समोर वेगवेगळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तू आहेत. तर जास्तीत जास्त किमतीची पिशवी भरून दाखवा. आपण बाजारात रोज करतो तेच! त्यांना कधी मिथाइलफेनिडेट, कधी मोडाफिनिल, कधी डेक्सॲम्फेटामिन, तर कधी औषध नसलेली साधी गोळी दिली. औषधावर माणसांनी वेळ जास्त घालवला, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, धडपड वाढली, आणि पिशवी मात्र कमी चांगली भरली. साध्या गोळीवर जी माणसं सरासरीपेक्षा सरस होती, ती औषधावर सरासरीच्या खाली घसरली. म्हणजे हुशार मुलीचं नुकसान आधी.

दुसरी गोष्ट झोपेची. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते रात्री झोपेत. जागून जे वाचलं ते झोपच कापून टिकवायचं, म्हणजे भोकं पडलेल्या हंड्यात पाणी भरण्यासारखं. तीन रात्री जागून पेपरला गेलेल्या मुलीला समोर प्रश्न दिसतो, पान नंबर आठवतो, उत्तर आठवत नाही. मग ती रडते आणि म्हणते, मीच ढ. पुढच्या परीक्षेला गोळी दोन होतात. भूक मरते, छाती धडधडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, एरवी शांत असलेली मुलगी अंगावर धावून येते. क्वचित कुणाला भास होतात. मोडाफिनिलने काही जणांच्या अंगावर जिवावर बेतणारं पुरळ उठतं. अशा कारणांनी युरोपच्या औषध संस्थेने २०१० साली सांगितलं की हे औषध फक्त नार्कोलेप्सीलाच द्यावं, बाकी कशाला नको. थकव्याला, जागरणाला, परीक्षेला तर नाहीच.

आता जे लिहिणार आहे ते कुठल्या शिक्षणविषयक लेखात येणार नाही, म्हणून इथे जरा थांबते. मोडाफिनिल घेत असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. शरीर त्या गोळ्यांतली हार्मोन्स लवकर मोडून टाकतं. मोडाफिनिल बंद केल्यावरही निदान महिनाभर हा धोका राहतो. आणि दिवस राहिलेले असताना ते पोटात गेलं तर बाळात व्यंग येण्याची शक्यता वाढते, असे इशारे २०१९ पासून निरनिराळ्या देशांच्या औषध खात्यांनी दिलेत. आता विचार करा. एकोणीस वर्षांची मुलगी. तिचं कुणावर प्रेम आहे हे घरी माहीत नाही. ती गर्भनिरोधक गोळी घेते हे घरी माहीत नाही. ती जागरणाची गोळी घेते हेही माहीत नाही. दोन गुपितं एका पोटात जातात आणि एक दुसऱ्याला निकामी करतं. हे तिला सांगणार कोण? चिठ्ठीशिवाय गोळी देणारा केमिस्ट? ज्या मित्राने पाकीट दिलं तो? मुलाला हे ठाऊक असायची गरजच पडत नाही, त्याच्या शरीरात काही वाढणार नसतं. म्हणूनच म्हटलं, दोघांचं जागरण एक नाही. लग्न न झालेल्या मुलीलाही गर्भपाताचा कायदेशीर हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये तो स्पष्ट केला आहे. पण हक्क असणं वेगळं आणि भाईंदरच्या ओळखीच्या दवाखान्याची पायरी एकटीने चढणं वेगळं, हे आपल्याला सांगायला नको.

तसंच रक्ताचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रात ५४ टक्के. निम्म्याहून अधिक! रक्त कमी असलं की काय होतं? दम लागतो, डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, वाचलेलं ध्यानात राहत नाही, सारखं आडवं व्हावंसं वाटतं. हुबेहूब तीच लक्षणं, ज्यासाठी मुलगी गोळी शोधते. आणि गोळी काय करते? भूक मारते. आधीच शेवटी जेवणारी, उरलंसुरलं खाणारी मुलगी आता तेही खात नाही. वर कौतुक होतं, बारीक झालीस, छान दिसतेस. परीक्षा संपल्यावरही काही मुली गोळी सोडत नाहीत त्यात हेही एक कारण असतं, आणि डेक्सामिलच्या काळातल्या गृहिणीपासून हे कारण तसूभर बदललेलं नाही. हिमोग्लोबिनची तपासणी पालिकेच्या दवाखान्यात होते. गोळीच्या एका पाकिटाआधी ती झाली असती तर पुष्कळ मुलींचं दुखणं लोहाच्या गोळ्यांनी आणि पोटभर जेवणाने हटलं असतं.

पण आपल्या घरांत मुलीच्या शरीराला गोळी देऊन गप्प बसवायची सवय जुनी आहे. घरात गणपती आला, सत्यनारायण आला, लग्न आलं की पाळी पुढे ढकलायची गोळी आणतात ना? आई स्वतः आणून देते, कुणी डॉक्टरला विचारत नाही. परीक्षेच्या आठवड्यातही देतात. ज्या घरात शरीराची वेळ देवासाठी आणि पेपरसाठी पुढे ढकलता येते, त्या घरातल्या मुलीने झोप पुढे ढकलली तर तिला ते पाप का वाटावं? ती घरातच हे शिकली आहे.

औषधाच्या दुकानांबद्दल थोडं बोलायला हवं. चिठ्ठीशिवाय विक्री हा गुन्हा आहे, दुकानात फार्मासिस्ट हजर असला पाहिजे, हे नियम जुनेच आहेत. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, त्यांनी ते पाळायला लावायचा प्रयत्न केला, तेव्हा केमिस्टांच्या संघटना खवळून उठल्या आणि दुकानं बंद ठेवण्यापर्यंत मजल गेली. पुढे झगड्यांची बदली झाली. स्त्री-चळवळीला हा झगडा नवा नाही. गर्भ राहिला की नाही हे पाहण्यासाठी हार्मोन्सच्या भडक मात्रेची ई.पी. औषधं बायकांना सर्रास दिली जात, त्याविरुद्ध महिला संघटना आणि औषध-चळवळीतले लोक वर्षानुवर्षं लढले, कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती आणल्या, तेव्हा कुठे १९८८ मध्ये बंदी आली. त्या लढ्यातून आपण एक विचारायला शिकलो: हे औषध कुणाच्या सोयीचं आहे? तो प्रश्न मला इथेही लागू वाटतो. नुसती बंदी मागून मात्र इथे भागणार नाही, कारण ही औषधं काही जणींना खरोखर हवी आहेत.

आणि त्यात मुलींचं वेगळं दुखणं आहेच. एडीएचडी म्हटलं की डोळ्यांपुढे बाकावर उड्या मारणारा मुलगा येतो. मुलींमध्ये हा त्रास बहुतेक वेळा गुपचूप असतो. ती खिडकीबाहेर बघत बसते, वस्तू हरवते, दूध उतू घालवते. मुलाला शाळा डॉक्टरकडे पाठवते, मुलीला आई वेंधळी म्हणते. अशा कितीतरी जणी पंचविशी-तिशी उलटेपर्यंत स्वतःला मूर्ख समजत जगतात आणि मग कधीतरी त्यांना कळतं की याला नाव आहे, उपचार आहे. चिठ्ठी हातात घेऊन चार दुकानं फिरल्यावरही मिथाइलफेनिडेट मिळत नाही, आणि मिळालं तर केमिस्ट संशयाने बघतो. एकीकडे जिला नको ती चोरून खाते, दुसरीकडे जिला हवं तिला मिळत नाही. कायदा नुसता कडक करून दुसरीचाच जीव आणखी घुसमटेल.

पोलिसांनी यात उतरावं असंही मला वाटत नाही. आमच्या शहरात अमली पदार्थ म्हटलं की लोकांना एमडी आठवतं, म्हणजे मेफेड्रोन. तेही मेंदूला चेतवणारंच, २०१५ साली त्याचा अमली पदार्थांच्या कायद्यात समावेश झाला, आणि मीरा रोड-काशिमिऱ्यात त्याच्या कारवायांच्या बातम्या सतत येतात. २०२५ मध्ये आमच्याच पोलीस आयुक्तालयाने काशिमिऱ्यातल्या एका प्रकरणाचा माग काढत तेलंगणात एमडीचा कारखाना पकडला. ते काम त्यांनी जरूर करावं. पण चटईवर पुस्तक उघडून बसलेली मुलगी आणि तो कारखाना यांना एकाच तराजूत घातलं, तर मुलगी तोंड उघडणार नाही. घाबरलेली मुलगी डॉक्टरलाही खरं सांगत नाही. कायद्यातही जो स्वतः होऊन उपचाराला येतो त्याला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, हे मुलींना कळायला हवं.

२०२१ या एका वर्षात देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांतले १,८३४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. त्यांतल्या कुणाला कशाने मरावंसं वाटलं ते आकडा सांगत नाही, आणि मी ते गोळीला जोडत नाही. एवढंच की ज्या वयाला आपण ‘आता नाही अभ्यास करणार तर कधी’ म्हणतो, त्या वयाच्या मुलांच्या मनावर काय ओझं असतं ते यातून दिसतं, आणि न झोपलेलं मन ते ओझं जास्तच काळं करून दाखवतं.

मग काय करावं? महानगरपालिकेकडे मला एक मागायचं आहे. प्रभागाप्रभागात अभ्यासिका हव्यात, जिथे मुलींना दुपारी आणि संध्याकाळी बसता येईल, स्वच्छ संडास असेल, आणि जिथून रात्री आठला घरी येताना रस्त्यावर दिवे असतील. मुलगी दिवसा अभ्यास करू शकली तर तिला रात्र जाळावी लागणार नाही. कॉलेजांनी हिमोग्लोबिन तपासणी प्रवेशाच्या वेळीच ठेवावी, आणि समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा येऊन सही करून जाणारी नको, बसणारी हवी.

बाकीचं घरात आहे, आणि ते जास्त अवघड आहे. मैत्रिणींनो, दहावीच्या मुलालाही एक ताट घासता येतं. बारावीच्या मुलीची परीक्षा असेल तर चार महिने पाणी भरायचं काम बाबांचं, असं एकदा भिंतीवर लिहून लावा आणि काय गोंधळ होतो ते बघा. पंख्याखालचं टेबल एक दिवसाआड वाटून घ्या. यावर ‘एवढंसं काम केलं तर काय झिजते का’ असं उत्तर येईल, बहुधा सासूबाईंकडून, कधी आपल्याच तोंडून. झिजते. आकडा वर दिला आहे.

आणि मुलीच्या दप्तरात पाकीट सापडलं तर आरडाओरडा करू नका, फोन काढून घेऊ नका, कॉलेज बंद करायची धमकी तर अजिबात नको. ती भीती आपल्या मुलींच्या मानगुटीवर कायमच बसलेली असते आणि त्याच भीतीने त्या जागत असतात. आधी शांतपणे विचारा, किती दिवस घेते आहेस, किती, आणि सोबत दुसरं काही घेतेस का. त्या दुसऱ्यात गर्भनिरोधक गोळी आली तर चेहरा बदलू देऊ नका. छातीत धडधड, भास, अंगावर पुरळ, तोंडात फोड असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि पाकीट सोबत न्या म्हणजे नाव चुकणार नाही. तिला तुमच्याशी बोलायचं नसेल तर सरकारची टेलिमानस ही मनाच्या आरोग्याची मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. नंबर लिहून तिच्या हातात द्या आणि ती बोलेपर्यंत खोलीतून बाहेर जा. वन रूम किचनमध्ये बाहेर म्हणजे जिन्यात. तर जिन्यात जाऊन उभ्या राहा.